दोरीचं दुसरं टोक

साताऱ्याच्या वरच्या अंगाला, यवतेश्वराच्या पलीकडं, डोंगरमाथ्यावर सपाट काळा कातळ पसरलेला आहे. तिथले लोक त्याला सडा म्हणतात. उन्हाळ्यात तिथं शेळीसुद्धा थांबत नाही. पण आषाढ लागला की त्याच कातळावरच्या बोटभर मातीत हिरवळ अशी काही माजते की विचारू नका, आणि भाद्रपदात तिला फुलं येतात. पंच्याहत्तर साली ती फुलं बघायला मुद्दाम कुणी जात नव्हतं. गुराखी जायचे, आणि शालन पायगोंडा पाटील जायची.

शालन सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. वय तेहेतीस, लग्न झालेलं नाही. का नाही, हे विचारणाऱ्यांची गावात वाण नव्हती आणि उत्तर द्यायची तिला हौस नव्हती. पावसाळ्यात ती बिनपगारी रजा काढायची, साताऱ्यात हरणाबाईंच्या घरातली मागची खोली भाड्यानं घ्यायची आणि सड्यावर जाऊन गवत मोजायची. ‘गवत मोजायला पीएचडी लागती व्हय?’ असं भावकीतले लोक म्हणायचे. त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही, काम खरोखर गवत मोजण्याचंच होतं.

ते करायचं असं. दोरीनं हातभर लांब आणि हातभर रुंद चौकोन आखायचा आणि त्यात किती जातींची झाडंझुडं आहेत ते मोजायचं. मग तोच चौकोन वाढवून दुप्पट जागा घ्यायची, पुन्हा मोजायचं. पुन्हा दुप्पट. असं करत आधी वाफ्याएवढ्या, मग खळ्याएवढ्या आणि शेवटी पुऱ्या शेताएवढ्या चौकोनापर्यंत जायचं. जागा वाढली की जाती वाढतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या किती वाढतात याची एक चाल असते. ती चाल सापडली की हातभर जागेवरून अख्ख्या सड्याचा, आणि छाती असेल तर अख्ख्या घाटमाथ्याचा अंदाज बांधता येतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. खास आलेखाच्या कागदावर हे आकडे मांडले की सरळ चढत जाणारी रेघ यायला हवी. शालनची रेघ चढायची, चढायची, आणि मोठे चौकोन आले की दमलेल्या बैलासारखी बसायची.

दोरीचं एक टोक शालनच्या हातात असायचं आणि दुसरं आप्पांच्या. आप्पा म्हणजे पायगोंडा पाटील, तिचे वडील. सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका गावात त्यांचं घर आणि थोडा ऊस. शालनची आई गेल्यावर त्या घरात दोनच माणसं उरली आणि दोन्ही मुलखाची अबोल. पहिल्या पावसाळ्यात, एकटी बाई डोंगरात कशी हिंडणार म्हणून आप्पा सोबत आले. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी शेत वाट्यानं लावलं आणि म्हैस विकली, म्हणजे मागं कुणी वाट बघणारं राहायला नको. जैनाच्या माणसानं चातुर्मासात गाव सोडून डोंगरात भटकावं याबद्दल बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, कुजबुज झाली. आप्पांनी ती या कानानं ऐकली आणि त्या कानानं सोडून दिली.

नेम मात्र त्यांनी एकही सोडला नाही. पाणी फडक्यानं गाळून प्यायचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं. कांदा-बटाट्याला शिवायचं नाही. आणि चार महिने हिरव्यावर पाय द्यायचा नाही, कारण पावसाळ्याच्या हिरव्यात जीवजंतू फार. जिथं सगळंच हिरवं तिथं हा शेवटचा नेम कसा पाळायचा, असं कुणालाही वाटेल. पण सड्यावर जागोजाग कातळ उघडा असतो. साठीचा तो माणूस धोतराचा काचा मारून एका दगडावरून दुसऱ्या दगडावर असा जायचा की गुराखी उभे राहून बघायचे.

श्रावणात सड्यावर धुकं इतकं दाट उतरायचं की दहा पावलांवरचं माणूस दिसेनासं व्हायचं. मग आप्पा नाहीत आणि शालनही नाही, मध्ये नुसती दोरी. दोरी ताणली की धुक्यातून हाक यायची.

“ताठ हाय का गं?”

“हाय,” शालन म्हणायची, आणि खाली वाकून मोजायला लागायची. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं. दिवसाकाठी दोघांत याहून जास्त बोलणं क्वचितच व्हायचं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर आप्पा चुलीपुढं ओले कपडे वाळत घालायचे आणि ती भाकऱ्या थापायची. आपण सुखी आहोत हे तेव्हा शालनच्या ध्यानातही आलं नाही. सुख बहुतेकदा असंच बिनबोभाट येऊन बसलेलं असतं.

तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावणाच्या सुरुवातीला, तिचे गाईड घोरपडे सर यांनी तिला कोल्हापूरला बोलावून घेतलं. त्यांनी तो आलेख टेबलावर पसरला आणि आडव्या पडलेल्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले की एक तर सडा दरिद्री आहे, किंवा तुम्ही एकाच तऱ्हेच्या जागा मोजताय. सडा दरिद्री नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. हा पावसाळा शेवटचा, मोठे चौकोन यंदाही जमले नाहीत तर तीन वर्षांचं काम पाण्यात गेलं असं समजा, हेही त्यांनी सांगितलं. वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर तिला रागवता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सड्यावर तिनं पहिल्यांदाच आप्पांकडं नीट बघितलं. चौकोनाचा पहिला कोपरा कुठं धरायचा हे आपल्या मर्जीनं ठरवायचं नसतं. पाठमोरं उभं राहून खडा खांद्यावरून मागं टाकायचा आणि तो पडेल तिथं कोपरा धरायचा, अशी रीत. हे काम आप्पांचं. त्या दिवशी आप्पांनी खडा टाकला तो गवतात पडला. त्यांनी वळून पाहिलं, खिशातून दुसरा खडा काढला आणि तो टाकला. तोही गवतात गेला. तिसरा टणकन कातळावर वाजला, तेव्हा ते समाधानानं तिथं जाऊन दोरीचं टोक धरून उभे राहिले.

त्यांच्या मनात लबाडी कुठली असायला. जिथं उभं राहता येत नाही तिथं दोरी धरणार कशी, इतका साधा हिशेब. पण शालननं मागचे सगळे कोपरे एकेक करून आठवून बघितले. तीन वर्षं प्रत्येक चौकोन उघड्या कातळापासून सुरू झाला होता. शितं सगळी भांड्याच्या एकाच कडेची होती.

आता हे सांगायचं कसं? ज्या माणसानं आपल्यासाठी म्हैस विकली, बस्तीतली बोलणी खाल्ली, त्याला तोंडावर म्हणायचं की तुमच्या नेमानं माझं काम बुडवलं? आणि सांगितलं तर ते काय करतील? एक तर नेम मोडतील, नाही तर मन मोडून बसतील. नेम मोडतील याचीच तिला जास्त भीती वाटली. ते तिच्यासाठी काहीही करू शकतात हे तिला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तिनं सोपी वाट धरली, म्हणजे ती खोटं बोलली. कॉलेजातल्या दोन मुली मदतीला येणार आहेत, खोलीत जागा व्हायची नाही, तुमी आता गावाकडं जावा, असं तिनं भाकरी वाढता वाढता सांगितलं.

आप्पांनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. “पोरी कवा येणार?” एवढंच त्यांनी विचारलं.

“परवा.”

“मग पीठ लागंल,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणीतून डबा भरून ज्वारीचं पीठ आणून ठेवलं, चुलीजवळ वाळकी लाकडं रचली, पाणी गाळायचं फडकं धुऊन खुंटीला अडकवलं. सकाळच्या सांगली गाडीत खिडकीशी बसून त्यांनी तिला सांगितलं की पोरी नवख्या असतील, धुक्यात दोरी सोडू नका म्हणावं त्यांना. गाडी हलली. शालन स्टँडवर उभी राहिली आणि ज्या मुली कधीच येणार नव्हत्या त्यांच्यासाठी आणलेल्या पिठाचा विचार करत राहिली.

मग ती एकटी सड्यावर जाऊ लागली. लोहाराकडून तिनं लोखंडी खुंट्या करून घेतल्या. खडा पडेल तिथं हात लांबवून खुंटी ठोकायची, मग तो गवतात पडो की चिखलात. दोरीचं दुसरं टोक खुंटीला बांधायचं आणि काम करायचं. खुंटी कुठंही उभी राहते, तिला नेम नसतात, आणि ती काही विचारतही नाही. एकदा दाट धुक्यात दोरी ताणल्यावर शालनच्या तोंडून आपसूक “हाय” निघून गेलं. कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिला मनापासून एकटं वाटलं, आणि ते एकटेपण नंतर खोलीपर्यंत तिच्या मागं आलं. डब्यातल्या पिठात किडे झाले. एका माणसाला किती भाकऱ्या लागणार?

भाद्रपद अर्धा सरला तेव्हा नवे मोठे चौकोन मोजून झाले. एका दुपारी सड्यावरच, मांडीवर कागद घेऊन तिनं आकडे मांडले. रेघ चढली, चढली, आणि पुन्हा तिथंच बसली.

तिला पहिल्यांदा वाटलं की आपली बेरीज चुकली. बेरीज चुकली नव्हती. कोपरे आता कातळावर नव्हते, आप्पा नव्हते, तरी जाती वाढत नव्हत्या. ती उठून जवळच्या उंच खडकावर चढली. बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं आणि सकाळीच मोजलेला शेताएवढा चौकोन खाली स्वच्छ दिसत होता. चारी खुंट्यांच्या मध्ये गवत सरळ उभं होतं. हळदीसारख्या दिसणाऱ्या चवराची रुंद पानं जशीच्या तशी, त्यांवरचं पाणीसुद्धा सांडलेलं नव्हतं. चार तास एक बाई त्यात मोजत हिंडली होती आणि एक काडी वाकलेली नव्हती. चिखलाची पावलं होती ती फक्त कडेच्या आणि मधल्या उघड्या दगडांवर. एका दगडावरून दुसऱ्या दगडावर.

ती पावलं शालनचीच होती. ती कॉलेजात सगळ्यांबरोबर बटाटेवडा खायची. बस्तीत जाऊन तिला वर्ष होऊन गेलं होतं. हे नेमधर्म आप्पांचे, आपण कधीच त्यातून सुटलो, असं ती समजून होती. डोकं सुटलं होतं, पण पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. लहान असताना चातुर्मासात शेताच्या बांधावरून आप्पांच्या मागं चालताना ते जिथं पाय देतील तिथंच ती पाय द्यायची, आणि अजून देत होती. मोठ्या चौकोनाच्या मधलं गवत तिनं तीन वर्षं दगडावर उभं राहून, वाकून वाकून, लांबून बघितलं होतं. आप्पांचा दोष एवढाच की ते तिच्या समोर उभे होते, म्हणून दिसले.

तिनं चपला काढल्या आणि गवतात पाय टाकला. थंड, ओलं गवत घोट्याशी लागलं आणि अंगावर काटा आला. पाऊल मागं यायला बघत होतं, तिनं ते येऊ दिलं नाही. मध्ये गेल्यावर तिनं चवराची पानं बाजूला केली, आणि खाली एक निराळंच जग नांदत होतं. नखाएवढ्या पानांचे वेल, भुईसरपट पसरलेली दवबिंदू नावाची किडेखाऊ वनस्पती, कडेला कधी न दिसलेली तीन-चार तऱ्हेची गवतं, एक कंदीलपुष्प. ती मोजत गेली आणि आकडा वाढत गेला. ऊन कलेपर्यंत तिनं तो एक चौकोन नव्यानं पुरा केला आणि कागदावर टिंब ठेवलं. ते बरोबर रेघेत बसलं.

तीन वर्षांत अशी संध्याकाळ आली नव्हती. आनंदानं ती वळली, हाक मारायला तोंड उघडलं, आणि समोर खुंटी होती. तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. माणूस घालवून दिला होता आणि चूक जवळ ठेवून घेतली होती.

अजून वेळ गेली नव्हती. फुलं आश्विनापर्यंत टिकतात, सगळे चौकोन आतून पुन्हा मोजता येणार होते, आणि दोरी धरायला माणूस हवा होता. माणूस हवा होता हेच खरं, दोरी हे निमित्त. दुसऱ्या दिवशी तिनं दोरी पिशवीत टाकली आणि सांगलीची गाडी धरली. वाटेत तिनं शंभरदा घोकलं की काय काय सांगायचं. आप्पांना घेऊनच परत यायचं, आणि आता कधी जावा म्हणायचं नाही.

आप्पा सोप्यात बसून शेंगा फोडत होते. अंगानं वाळले होते. उठून त्यांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, “पोरी कामाला बऱ्या हायत का?”

“आप्पा, पोरी न्हवत्याच,” शालन म्हणाली, आणि मग सगळं सांगून टाकलं. खडे, कातळ, खोटं, चवराची पानं, सगळं. तिच्या आयुष्यात ती एकदम एवढं कधी बोलली नसेल. शेवटी म्हणाली, “चूक तुमची न्हवती. माझ्याच पायात हुती.”

आप्पा शेंगेची टरफलं गोळा करत होते. “ठावं हाय की मला,” ते म्हणाले. “तुला चालाय मीच शिकीवलंय.”

“मग बोलला का न्हाई? जा म्हटलं तर गेला का?”

“लेक जा म्हणती म्हंजे तिला काय तरी अडचण असंल. इचारायचं कशाला?”

तिनं त्यांना सांगितलं की उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं. आप्पांनी मान हलवली नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, उसाला पाणी दिलं म्हणून सांगावं तसं सांगितलं. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी बस्तीत मुनिमहाराजांपुढं त्यांनी दिग्व्रत घेतलं होतं. म्हणजे चारी दिशांना आपली हद्द बांधून घ्यायची आणि मरेपर्यंत ती ओलांडायची नाही. त्यांनी बांधली ती अशी: उगवतीला नदी, मावळतीला डांबरी सडक, वरच्या अंगाला ओढा आणि खालच्या अंगाला आपली विहीर. सातारा राहू द्या, सांगलीसुद्धा त्यात येत नव्हती.

शालनला राग आला. धर्मावर आला, महाराजांवर आला, आप्पांवर आला, आणि फिरून तो स्वतःवरच येऊन बसला. “कशाला घेतलं असलं व्रत?” ती म्हणाली. “एक महिना थांबायचं हुतं.”

“आता जायचं हुतं कुठं मला?” आप्पा म्हणाले.

बायको गेली, म्हैस गेली, दोरी गेली. त्या माणसानं आपला चौकोन आखून टाकला होता, आणि तो आता दुप्पट व्हायचा नव्हता.

मग आप्पांनीच तिच्या पिशवीकडं बोट केलं. दोरी आणलीयास न्हवं, म्हणाले. इहिरीच्या पलीकडं गायरान हाय, तितं बी गवतच हाय. चल, बगू तरी तू कशी मोजतीस ती.

विहिरीच्या काठावर, मोटेचं पाणी जिथं ओतलं जायचं त्या जुन्या थारोळ्याचा दगड आहे. आप्पा त्यावर उभे राहिले. त्यांच्या पायाशी हद्द संपत होती आणि पुढं गायरान, कमरेएवढं, हिरवंगार. त्यांनी दोरीचं टोक हातात घेतलं. शालन दगडाच्या कडेला येऊन थांबली. आप्पांच्या डोळ्यांदेखत चातुर्मासात हिरव्यावर पाय द्यायचा तिला धीर होईना.

“दे पाय,” आप्पा म्हणाले. “माझी हद्द हितवर. तू हो फुडं.”

ती गवतात उतरली. पहिला लहान चौकोन, मग दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. आप्पा दगडावरून हलू शकत नव्हते, म्हणून ते नुसती दोरी सोडत राहिले. ती पुढं पुढं जात राहिली. मोठ्या चौकोनाला दोरी पुरेना. आणखी चार पावलं हवी होती. दोरी ताणली, थरथरली, आणि एकदम हातात हलकी झाली.

तिनं मागं वळून बघितलं. उंच गवताच्या शेंड्यांवरून आप्पा दिसत होते. दगडावर सरळ उभे, तिच्याकडं तोंड करून, आणि दोन्ही हात रिकामे.

“ताठ हाय का गं?” त्यांनी विचारलं.

दोरी तिच्या मागं गवतात सैल पडली होती.

“हाय, आप्पा,” ती म्हणाली, आणि खाली वाकून मोजायला लागली.